कोपरातली तिसरी थाप

सकाळी सातला मी खांबाजवळ जाते.
एकशे बेचाळीस. काल एकशे सव्वीस होतं.
हवा उणे अकरा. वारा रात्रभर पश्चिमेचा,
म्हणजे पला नायराच्या कुशीत आता
उशी भरावी तसा बर्फ दाबून भरलेला असणार.
शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
एकतीस हिवाळे पेन्सिल.

नायरा म्हणजे आमच्या बोलीत काळी.
आहे ती पांढरीफेक, पण उत्तरेला तोंड करून बसलेली;
नोव्हेंबरात सूर्य तिच्याकडे पाठ फिरवतो
तो थेट फेब्रुवारीत वळून बघतो.
तिच्यावरून जी कोसळते तिला आम्ही लाविना म्हणतो,
पोरीचं नाव वाटावं असं.
गावात एकाही पोरीचं नाव मात्र ते नाही.

आज माझा भाचा याखेन आलाय, सोबत सेराइना.
पायांत रुंद स्की, तळाला चढणीचे केसाळ पट्टे,
छातीवर लुकलुकणारी यंत्रं, पाठीवर फावडी.
"मावशी, नुसतं हो की नाही सांग."
मी म्हटलं, खण.

नायराच्या पायथ्याला, झाडी संपते तिथे,
त्याने खणलं, खालच्या वाळक्या गवतापर्यंत.
फावड्याने भिंत तासली
आणि अख्खा हिवाळा उघडा पडला, थरावर थर:
वर कालचं पीठ, चाळणीतून नुकतं पडल्यासारखं.
खाली वाऱ्याने ठोकून बसवलेली फरशी,
बोट जात नाही, पेन्सिल जाते.
मग एक काच, नखाएवढी जाड.
नाताळच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता,
सगळे चर्चमध्ये छत्र्या घेऊन आले होते, ती.
आणि तळाशी
नोव्हेंबरचा पहिला बर्फ,
ज्याच्यासाठी पोरं रस्त्यावर नाचली होती.
त्यात आता बर्फपण उरलेलं नाही.
जाडी साखर. मुठीत वळली तर गोळा होत नाही,
बोटांमधून सरसर गळते.
वरचं सगळं हिच्या भरवशावर.

सेराइनाने एक चौकोनी खांब कापून सुटा केला,
माथ्यावर फावडं आडवं ठेवलं.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
याखेन हसला.
कोपरातून एक. दोन.
तिसऱ्या थापेला
टेबलाचा खण ओढावा तसा वरचा सगळा थर
सरकून तिच्या मांडीवर आला.
खांद्यातल्या दहा तशाच राहिल्या.

याखेनने एक पाऊल मागे घेतलं
आणि पायांखाली काहीतरी व्हुम्म करून बसलं,
बोटभरच, पण तिघांच्याही पोटात.

मी वहीत लिहिलं: तीन.
पाचापैकी तीन.
चार असले की लोक घरी चीज वितळवत बसतात.
तिनाला निघतात.
तीन म्हणजे "बघू या".

ते दोघे झाडीतून परत उतरले, सपाटीसपाटीने, तोंड पाडून.

दुपारी एकला दोन परके पाहुणे
नायराच्या मधोमध उतरले.
दोन सुरेख नागमोडी रेघा, आरोळ्यांसकट.
काही झालं नाही.

याखेनने खिडकीतून ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
काय सांगणार?
न घडलेल्याची उंची मोजायला
माझ्याकडे खांब नाही.
ते दोघे हॉटेलात सांगतील,
पक्का होता बर्फ, ती बाई उगाच घाबरवते.
आणि पुढच्या वेळी
त्यांना वाटेल, डोंगर आपल्याला ओळखतो.

संध्याकाळी दिवा घेऊन पुन्हा गेले, खड्डा बुजवायला.
उघडा खड्डा वाईट; रात्री रानबकरी पडते,
धुक्यात माणूस.
याखेन आधीच तिथे होता,
फावड्याने सगळे महिने एकत्र आत लोटत.
नोव्हेंबर वर आला होता.

"उद्या सातला येऊ?"

"पावणेसातला," मी म्हटलं.
"आणि पेन्सिल तुझी आण."